आईची पिशवी

गेल्या महिन्यात आई म्हणाली, "विणकाम न्यायला एक बरीशी पिशवी बघ रे." म्हटलं, त्यात काय! कॉन्फरन्समध्ये फुकट मिळालेल्या तीन-चार लॅपटॉप बॅगा घरात पडून आहेत, त्यातली एक दिली. दोन दिवसांत साभार परत. चेनमध्ये लोकर अडकते, सुईचं टोक कापडातून बाहेर येतं, आणि वेल्क्रो तर मुळीच नको. असो. रिक्वायरमेंट न विचारता डिलिव्हरी केली की असंच होतं. मग शनिवारी नेटवर पिशव्या शोधायला बसलो आणि पिशवीचा इतिहासच वाचत राहिलो.

१८व्या शतकात इंग्लंडमधल्या बायकांचे खिसे कपड्यांना शिवलेले नसत. ते नाडीने कमरेला बांधायचे, वरून झगा घालायचा आणि झग्याला ठेवलेल्या फटीतून आत हात घालायचा. चाव्या, पैसे, कात्री, सुया, सगळं त्यात मावायचं. १७९०च्या दशकात पातळ, उंच कमरेच्या झग्यांची फॅशन आली, आणि आत फुगलेले खिसे बाहेरून दिसायला लागले. मग सामान हातातल्या छोट्याशा बटव्यात आलं. त्याला म्हणत रेटिक्यूल. पण त्यात लोकरीचा गुंडा आणि अर्धवट विणलेला स्वेटर कसा मावणार? हातकामाची पिशवी वेगळी ती वेगळीच राहिली.

तिला खरे दिवस आले ते युद्धात. एप्रिल १९१७मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि रेडक्रॉसने सैनिकांसाठी मोजे, स्वेटर, मफलर विणून मागितले. मोज्यांना फार महत्त्व होतं. खंदकातल्या चिखलात दिवसच्या दिवस उभं राहून पाय सडायचे, आणि त्यावर कोरडे मोजे हा मोठा उपाय होता. मोज्याची गंमत अशी की तो छोटा असतो, चार-पाच सुयांवर कुठेही बसून विणता येतो. त्यामुळे विणकाम घराबाहेर पडलं. ट्राममध्ये, नाटकाला, चर्चमध्ये बायका पिशवी घेऊन जायला लागल्या. पिशव्या मोठ्या झाल्या, फुलाफुलांच्या झाल्या, त्यांचीही फॅशन झाली. तिकडे १९१८मध्ये व्हाइट हाउसच्या हिरवळीवर अध्यक्ष विल्सन यांच्या मेंढ्या चरत होत्या आणि त्यांची लोकर रेडक्रॉससाठी लिलावात विकली जात होती!

दुसऱ्या महायुद्धात या पिशवीला चेहरा मिळाला तो एलिनॉर रूझवेल्ट यांचा. सप्टेंबर १९४१मध्ये, म्हणजे पर्ल हार्बरच्याही आधी, न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया हॉटेलात सैनिकांसाठी विणण्याच्या मोहिमेचा चहापानाचा कार्यक्रम झाला, त्याला त्या होत्या. त्यांच्या कितीतरी फोटोंत त्या विणताना तरी दिसतात, नाहीतर ती भलीमोठी पिशवी तरी सोबत असते.

हे वाचताना मला वाटत होतं, की पिशवी म्हणजे काम उरकायची सोय. पण त्या बायकांचा मुलगा, नवरा, भाऊ समुद्रापलीकडे होता आणि पत्राची वाट बघण्यापलीकडे त्यांच्या हातात काही नव्हतं. वाट बघणाऱ्या हातांना त्या पिशवीने काम दिलं. मोजा कुठल्या अनोळखी पायात जाणार हे माहीत नसतानाही.

मग एकदम डोक्यात आलं. बाबांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, चार-चार तास. मी ऑफिसात. बाहेरच्या खुर्चीवर आई.

संध्याकाळी तिला नीट विचारलं. पिशवी खुर्चीला अडकवता यावी, कारण ती हॉस्पिटलच्या जमिनीवर ठेवायची नाही. तोंड रुंद, आतून गुळगुळीत, वरून नाडी. सुयांसाठी जाड कापडाचा लांब कप्पा.

"आणि वेल्क्रो का नको गं?"

"कधी आत बसू देतात. तो उघडताना केवढा आवाज येतो! बाबांना जरा डोळा लागलेला असतो."

पिशवी शेवटी कोपऱ्यावरच्या टेलरकडून शिवून घेतली. पहिला मोजा माझ्या मापाचा चाललाय म्हणे.