प्लेग, मांजर आणि कर्नल बुकॅनन

मांजर पाळण्याचे फायदे शोधायला गेलात, तर फोनवर साधारण एकच यादी येते. ताण हलका होतो, एकटेपणा कमी होतो, घर भरलेलं वाटतं. माझ्याकडे दोन मांजरं आहेत, त्यामुळे यातलं काहीच मी नाकारणार नाही. पण शंभराहून अधिक वर्षांपूर्वी वऱ्हाडातल्या एका सरकारी डॉक्टरने मांजराचा जो फायदा मांडला, तो या यादीत दिसत नाही. त्याचं म्हणणं होतं की मांजर असलेल्या घरात प्लेग सहसा शिरत नाही.

मागे जाऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. तो नेमका कसा पसरतो, हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं. सरकारने घरं धुतली, सामान जाळलं, माणसांच्या काखा-जांघा तपासल्या. पुण्यात या तपासण्यांनी लोकांचा इतका छळ झाला की २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता, सावित्रीबाई फुले गेल्या.

आणि या सगळ्यात उंदीर आपले आढ्यावर पळतच होते.

गंमत म्हणजे खेड्यातल्या लोकांना धोका कळत होता. ‘उंदीर पडायला लागले’ की गाव सोडायचं आणि शेतात झोपड्या घालून राहायचं, हा त्यांचा उपाय. कारण सांगता येत नव्हतं, पण उपाय बरोबर होता. कारण शोधलं पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने, १८९८ साली कराचीत: उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरं रक्त शोधायला निघतात. त्याच्यावर बरीच वर्षं फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. १९०५ पासून मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत पुन्हा प्रयोग झाले. गिनीपिगचा पिंजरा पिसवांच्या उडीच्या टप्प्यात ठेवला की आतले प्राणी प्लेगने मरायचे. उंच टांगला की वाचायचे. इतकं साधं.

मग प्रश्न उरला उंदरांचा. सापळे आले, विष आलं. पण जीवहत्या नको म्हणणारी घरं कमी नव्हती. आपल्या हाताने गणपतीचं वाहन मारायचं कसं? इथे लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू बुकॅनन यांचं डोकं चाललं. ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. वऱ्हाडातल्या गावांमधून त्यांनी चक्क मांजरांची मोजणी केली आणि ती प्लेगच्या नोंदींशेजारी ठेवून पाहिली. जिथे मांजरं भरपूर, तिथे प्लेग कमी. १९०८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी हे मांडलं. मांजराने उंदीर मारला तर पाप कुणाच्याच माथी येत नाही! त्याच वर्षी जपानला गेलेल्या रॉबर्ट कॉख यांनीही प्लेगविरुद्ध मांजरं पाळण्याचा सल्ला दिला. जंतुशास्त्रातलं एवढं मोठं नाव मनीमाऊच्या बाजूने उभं राहिलं होतं.

मला बुकॅनन आवडतात, पण त्यांचा हिशेब मला पूर्ण पटत नाही. ज्या गावात मांजरं जास्त, तिथली घरं, धान्य साठवायची पद्धत, बाजाराशी येजा हेही वेगळं असू शकतं. शिवाय मांजराला स्वतःला प्लेग होतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात मांजरांकडून माणसांना तो झाल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत. शिकारीचं म्हणाल, तर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासात ७९ दिवस कॅमेरे लावून भटक्या मांजरांवर नजर ठेवली होती. मारलेले उंदीर दोन. अर्थात ते गटारातले धष्टपुष्ट उंदीर होते. आपल्याकडचा आढ्यावरचा काळा उंदीर त्यांच्या मानाने लहान, आणि तो माणसाच्या घरातच राहणारा. तिथे मांजराचा नुसता वावर असला तरी उंदीर बिचकून राहतात. तेव्हा बुकॅनन सपशेल चुकले, असंही मी म्हणणार नाही.

मला जास्त विचार करायला लावते ती दुसरीच गोष्ट. त्यांनी मोजलेली मांजरं कुठल्या सरकारी हुकुमाने आलेली नव्हती. ती आधीपासून तिथे होती. कणगीतल्या ज्वारीसाठी होती हे खरं, पण तेवढ्यासाठीच नव्हती. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, ही धास्ती होतीच. षष्ठीचं वाहन म्हणून बाळंतिणीच्या घरात त्याला मान होता. आणि चुलीच्या उबेला येऊन बसणाऱ्या जिवाला दुधाची वाटी सरकवणारं कुणीतरी प्रत्येक घरात असतंच. ती वाटी सरकवताना प्लेग कुणाच्या मनात नसणार. कर्नलसाहेबांच्या तक्त्यात मात्र ते मांजर एक आकडा होऊन बसलं, आणि त्या आकड्यावरून त्यांनी सरकारला सांगितलं की लोकांना मांजरं पाळायला लावा. लोक तर केव्हापासूनच पाळत होते.