कर्जत-खालापूरचा सातबारा: वहीपासून सर्व्हरपर्यंत

महाराष्ट्रात कर्जत नावाचे तालुके दोन. एक रायगडात, बोरघाटाच्या पायथ्याशी. दुसरा अहिल्यानगर जिल्ह्यात. तलाठ्याच्या हस्तलिखित वहीला या जुळ्या नावाचा कधी त्रास झाला नाही, कारण वही ज्या चावडीत, जमीन त्याच कर्जतची. राज्यभरची दप्तरे एका जाळ्यात आली, तेव्हा मात्र नावाला क्रमांकाची जोड लागली. सप्टेंबर 2020 मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला आणि गावाच्या नावाशेजारी एलजीडी कोड, म्हणजे गावाचा सरकारी क्रमांक, छापला जाऊ लागला.

कर्जतचा सरकारी पत्ता त्याआधीही बदलला होताच. 1882 सालच्या ठाणे गॅझेटिअरमध्ये कर्जत ठाणे जिल्ह्याचा पोटविभाग आहे. पुढच्याच वर्षीच्या कुलाबा गॅझेटिअरमध्ये तो अर्थातच सापडत नाही. नंतर कर्जत कुलाब्यात आले, खालापूर त्याचा पेटा म्हणून नांदले आणि पुढे स्वतंत्र तालुका झाले. 1981 मध्ये कुलाब्याचा रायगड झाला. पणजोबांचा कागद शोधायला निघालेल्या माणसाला आधी तो कोणत्या जिल्ह्याच्या दप्तरात असेल ते ठरवावे लागते, मग गाव.

जमिनीच्या नोंदीला आज ज्या अर्थाने हक्कनोंद म्हणतात, तिची सुरुवात मुंबई इलाख्यात 1903 च्या कायद्याने झाली. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची, नमुना बारा म्हणजे तीत काय पिकले. दोन्ही एका पानावर आले की सातबारा. हे पान कायमचे नसे. साधारण दर दहा वर्षांनी तलाठी नवी वही घेई आणि चालू नोंदी तीत उतरवून काढी. याला पुनर्लेखन म्हणत. आज सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की जुना डेटा नव्या साच्यात ओतावा लागतो. चावडीत तेच काम बोरूने आणि नंतर बॉलपेनने चाले. चुकाही तिथेच होत. एखादा बोजा उतरवायचा राहून जाई, बहिणीचे नाव गळे, सर्व्हे नंबरचा हिस्सा वर-खाली होई. पुनर्लेखनातली चूक हे महसूल खात्यातले जुने, ओळखीचे प्रकरण आहे. 1966 च्या जमीन महसूल संहितेत लेखनप्रमाद सुधारण्यासाठी कलम 155 ठेवलेले आहे, आणि त्याचा आधार आजही रोज घेतला जातो.

जुने पान हातात घेतले तर त्याची एक खूणभाषा दिसते. गोलात लिहिलेला आकडा फेरफाराचा. नावाभोवती कंस असेल, तर ते नाव कमी झालेले: खातेदार वारला, जमीन विकली गेली किंवा कर्ज फिटले. कंस म्हणजे रद्द, हे तलाठ्याला आणि गावाला पाठ होते. ज्याला ठाऊक नाही त्याला फिटलेले कर्जही जिवंत वाटावे, अशी ती खूण. 2020 च्या नमुन्यात कंसावर आडवी रेघही आली. शतकभर जे डोळ्यांना कळत होते ते छापील कागदाला उघड सांगावे लागले, आणि ते बरेच झाले.

मापांची कथा अधिक गमतीची. जुनी नोंद एकर, गुंठे आणि आण्यांत. चाळीस गुंठ्यांचा एकर, सोळा आण्यांचा गुंठा. दशमान पद्धत आली तशी हेक्टर-आरची पाने आली. आता 25 गुंठ्यांचे शेत घ्या. एक गुंठा म्हणजे 1.0117 आर, तेव्हा शेत 25.29, म्हणजे कागदावर 25.3 आर. चार भावांत वाटणी झाली, प्रत्येकाला 6 गुंठे 4 आणे. त्याचे 6.32 आर, कागदावर 6.3. चारांची बेरीज 25.2. दहा चौरस मीटर जमीन कुठेच गेली नाही, पण कागदावरून उडाली. तलाठी एवढ्या फरकाकडे पाहत नसे. ई-फेरफारची संगणक प्रणाली मात्र सातबाऱ्याचे क्षेत्र आणि खात्यांची बेरीज जुळते का ते तपासते. बांधावर कधी न उठलेला वाद पडद्यावर उठतो. 45/1अ आणि 45/1/अ यांचेही तसेच: माणसाला हिस्सा एक, यंत्राला दोन.

कर्जत-खालापुरात या आकड्यांपेक्षा नाजूक जागा म्हणजे इतर हक्काचा रकाना. 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनानंतर कूळ मालक झाले, पण ती जमीन परवानगीशिवाय विकता येणार नाही हा कूळ कायद्याच्या कलम 43 चा शेरा याच रकान्यात. 1974 मध्ये महसूल संहितेत आलेले 36अ, म्हणजे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे परवानगीविना जाऊ नये, तोही शेरा इथेच. इथली ठाकूर आणि कातकरी कुटुंबे पाहता हा रकाना शोभेचा नाही. मालकाचे नाव ठळक असते, ते सहसा गळत नाही. गळतो तो शेरा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाल्यावर आणि फार्महाऊसचे पेव फुटल्यावर या दोन तालुक्यांत बिनशेऱ्याच्या सातबाऱ्याला जो भाव आला, तो पाहता ही गळती कोणाच्या पथ्यावर पडते हे सांगायला नको.

आणि काही हक्कांना रकानाच नव्हता. रायगडच्या डोंगरपट्ट्यात दळी नावाची जमीन आहे: वनखात्याने आदिवासींच्या गटाला कसायला दिलेली, गटाच्या नाईकाच्या नावावर, नागली-वरीसाठी. तिची नोंद वनखात्याच्या कागदात. सातबारा एकेका खातेदाराचा, दळी सगळ्या गटाची. सातबारा महसूल खात्याचा, दळी जंगलाची. हस्तलिखितात ती बसली नाही आणि संगणकात तर बसण्याचा प्रश्नच नव्हता, कारण संगणकात गेला तो सातबाराच. दळीधारकांना पुढे 2006 च्या वनहक्क कायद्याखाली दावे लावावे लागले.

संगणकाची पहिली पायरी 1988-89 ची. केंद्राने भूमी अभिलेखांचे संगणकीकरण प्रायोगिक तत्त्वावर देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू केले. महाराष्ट्रातून वर्धा होता. पुढे डेटा तालुक्या-तालुक्याला साठत गेला. त्या काळात मराठी फाँटची तऱ्हा अशी, की एकात टंकलेले दुसऱ्यात उघडले तर अक्षरांचा चिवडा. युनिकोड रुळल्यावर ते दुखणे कमी झाले, पण 'र'चा रफार हलला की आडनाव बदलते, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. मग ई-फेरफार आला. दुय्यम निबंधकाकडे 2012 पासूनची आय-सरिता प्रणाली, इकडे तहसीलचा डेटा, आणि दोघांनी एकमेकांची भाषा समजून खरेदीची माहिती आपोआप फेरफारात यावी ही अपेक्षा. त्यासाठी संगणकातला सातबारा आधी हस्तलिखिताशी तंतोतंत जुळवायचा होता. एडिट, मग री-एडिट असे दुरुस्तीचे टप्पे झाले. सर्व्हर दिवसा संथ म्हणून तलाठी रात्री कामाला बसले. 2017 च्या उन्हाळ्यात गावोगाव चावडी वाचन झाले: संगणकातला सातबारा मोठ्याने वाचायचा, गावाने हरकत सांगायची. या सगळ्या व्यवहारातली ही सर्वांत शहाणी गोष्ट. तपासणीला यंत्र नव्हे, ज्याची जमीन तो माणूस. मात्र कामासाठी वीटभट्टीवर गेलेला कातकरी त्या दिवशी चावडीत कसा असणार? 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला.

जुनी नोंद नव्या साच्यात उतरवण्याचे हे दुखणे फक्त सरकारी आहे असे मात्र कोणी समजू नये. शेकडो संगणकांवर डेटा पसरून हिशेब करणाऱ्या स्पार्क या सॉफ्टवेअरची 3.0 आवृत्ती जून 2020 मध्ये आली, आणि तिने 15 ऑक्टोबर 1582 पूर्वीच्या तारखा मोजण्याची रीत बदलली. जुन्या आवृत्तीने लिहिलेल्या फायली नव्या आवृत्तीने वाचल्या, तर त्या काळातल्या तारखा काही दिवसांनी सरकू शकत. म्हणून ती मध्येच थांबून विचारते: जुन्या रीतीने वाचू की नव्या? हडूप या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरची साठवण व्यवस्था आवृत्ती बदलताना जुनी ठेवण जपून ठेवते. बदल पक्का करण्याचा हुकूम दिला की मगच ती पुसते, आणि मग परतीची वाट राहत नाही.

महसूल खात्यानेही तो हुकूम देऊन टाकला. हस्तलिखित सातबारा आता चालत नाही. पण वह्या तहसीलच्या अभिलेख कक्षात आहेत. कर्जत किंवा खालापुरात ज्यांची वडिलोपार्जित जमीन आहे, आणि ज्यांना तिथे घ्यायची आहे, त्यांनी नुसत्या मोबाइलवरच्या पानावर विसंबू नये. अर्ज करून जुना हस्तलिखित सातबारा आणि त्यावरचे फेरफार यांच्या नकला काढाव्यात, इतर हक्काचा रकाना ओळीने ताडून पाहावा, आणि एखादा शेरा वाटेत गळलेला दिसला तर कलम 155 खाली तहसीलदारांकडे अर्ज द्यावा.