ओ पेर पद्धती : करविषयक स्थान व शासकीय साहाय्य

परदेशातील एखाद्या कुटुंबात राहून भोजन, निवास व हातखर्च यांच्या मोबदल्यात तेथील मुलांचा सांभाळ करणाऱ्या तरुण व्यक्तीस ‘ओ पेर’ म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दप्रयोगाचा अर्थ ‘बरोबरीच्या नात्याने’ असा आहे. यूरोपीय परिषदेच्या २४ नोव्हेंबर १९६९ च्या स्ट्रासबर्ग करारात अशा व्यक्तींचा, विद्यार्थीही नव्हे व कामगारही नव्हे, असा स्वतंत्र वर्ग मानण्यात आला. हे अधांतरी स्थान पुढे करकायद्यात विशेष जाचक ठरले.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही पद्धती १९८६ मध्ये सांस्कृतिक विनिमयाचा कार्यक्रम म्हणून सुरू झाली. १९९९ पासून ती परराष्ट्र खात्याच्या अखत्यारीत आहे. कामाची कमाल मर्यादा आठवड्यास ४५ तास असते. मोबदला मात्र किमान वेतनाशी निगडित करण्यात आला. जुलै २००९ मध्ये संघीय किमान वेतन ताशी ७·२५ डॉलर झाले. त्यातून भोजन-निवासापोटी ४० टक्के वजा जाता आठवड्यास १९५·७५ डॉलर उरतात. ही रक्कम सांस्कृतिक विनिमयाचा हातखर्च म्हणवली जात असली, तरी आयकर खाते तिला करपात्र वेतन समजते. घरमालकावर करकपातीचे बंधन नसल्याने कराची रक्कम बाजूला ठेवण्याची जबाबदारी सर्वस्वी या तरुणींवरच पडते.

जे-१ व्हिसावर आलेली ओ पेर सामान्यतः पहिली दोन पंचांग वर्षे करदृष्ट्या ‘अनिवासी परकीय’ असते. त्यामुळे सामाजिक सुरक्षा कर द्यावा लागत नाही. परंतु निवासी करदात्यास मिळणारी प्रमाणित वजावटही मिळत नाही. अनिवासींनाही मिळणारी वैयक्तिक सूट २०१७ च्या कायद्याने २०१८ पासून बंद झाली. २०२० मध्ये वर्षभर किमान दराने मिळालेल्या १०,१७९ डॉलरांवर सुमारे १,०२४ डॉलर संघीय कर होई. तेवढेच मिळविणाऱ्या अविवाहित अमेरिकन नागरिकास १२,४०० डॉलरांच्या वजावटीमुळे काहीच कर नव्हता.

कोविड महामारीच्या काळात ही तफावत अधिकच उघड झाली. २७ मार्च २०२० च्या कायद्याने प्रौढांस १,२०० डॉलरपर्यंत साहाय्य मंजूर झाले. त्यातून अनिवासी परकीयांना वगळण्यात आले. तथापि ओ पेरजवळ सामाजिक सुरक्षा क्रमांक असतो. अनिवासींसाठीच्या १०४०-एनआर प्रपत्राऐवजी निवासींचे १०४० प्रपत्र भरणाऱ्या अनेकांना साहाय्याची रक्कम आपोआप मिळाली, आणि आयकर खात्याने अशांना ती परत पाठविण्यास सांगितले. प्रपत्राची निवड चुकणे स्वाभाविक होते, कारण सर्वसाधारण संगणकीय करसेवा निवासी करदात्यांसाठीच बेतलेल्या होत्या. डिसेंबर २०२० मधील ६०० व मार्च २०२१ मधील १,४०० डॉलरांच्या हप्त्यांनाही तोच अपवाद लागू होता. तिसऱ्या पंचांग वर्षात पुरेसे दिवस वास्तव्य झाल्यास मात्र ओ पेर निवासी ठरू शकते. तोपर्यंत बहुतेकींचा करार संपलेला असतो.