पितळी वर्तुळावरची चूक

जबलपूर हे यंत्रशाळांवर वाढलेले शहर आहे. १९०४ मध्ये येथे गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली, १९४२ मध्ये खमरियाचा दारूगोळा कारखाना आला आणि १९६९ मध्ये वाहन कारखाना. पितळेचा छोटासा भाग लेथवर आकाराला येताना पाहत राहण्यात काय सुख आहे, हे अशा शहरात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पोलादाला हत्यार टेकले की लांबलचक, तापलेली वेटोळी निघतात आणि कामगार सावधपणे मागे सरतो. पितळेचे तसे नाही. सोनेरी कीस तुकड्या-तुकड्यांनी उडतो, आवाज एकसुरी राहतो, आणि हत्यार पुढे गेल्यावर मागे उरते ती आरशासारखी कड.

या सुखामागे धातुशास्त्र आहे. तांबे आणि जस्त यांच्या मिश्रणात सुमारे ३ टक्के शिसे घातले, तर ते त्यात विरघळत नाही. सूक्ष्म कणांच्या रूपाने सर्वत्र विखुरलेले राहते. हत्याराच्या धारेपुढे कीस नेमका या कणांपाशी तुटतो. शिसे वंगणाचेही काम करते, आणि पितळ उष्णता चटकन वाहून नेत असल्याने धार तापत नाही. म्हणून पाहणाऱ्याला वाटते की धातू स्वतःहून आकार घेत आहे. शिशाचे आरोग्यावरील दुष्परिणाम लक्षात आल्यापासून बिनशिशाचे पितळ पुढे आले आहे खरे, पण लेथवर ते तितके आज्ञाधारक नाही.

याच शहरातील सिव्हिल लाइन्स भागात शासकीय विज्ञान महाविद्यालय आहे. त्याची मुळे १८३६ साली सागर येथे स्थापन झालेल्या संस्थेत आहेत. तेथे काय किंवा देशातील कोणत्याही पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काय, विद्यार्थी वर्णपटमापी हाती घेतो तेव्हा त्याला एक नियम सांगितला जातो: कोनाचे वाचन दोन्ही व्हर्नियर खिडक्यांतून घ्यावे. बहुतेक जण दुसरे वाचन कंटाळत लिहितात. काही जण पहिल्यात १८० अंश मिळवून मोकळे होतात. या चलाखीने नेमके काय गमावले जाते, हे समजण्यासाठी भारताच्या भूमापनाकडे वळावे लागते.

अठराव्या शतकात कोनमापनाची खरी अडचण वर्तुळ कातण्याची नव्हती. त्यावर समान भाग पाडण्याची होती. लंडनच्या जेसी रॅम्सडेनने १७७० च्या दशकात यासाठी विभाजनयंत्र बांधले. त्याच्या चाकाला २,१६० दाते होते आणि त्यांत गुंतलेल्या स्क्रूचा एक फेरा म्हणजे १० कलांचे वळण. पूर्वी निष्णात कारागिराचे अनेक दिवस खाणारे काम त्यामुळे मोजक्या वेळात होऊ लागले.

विल्यम लॅम्ब्टनने दक्षिण भारतात नेलेला थिओडोलाइट लंडनच्याच विल्यम कॅरीने घडवला होता. त्याच्या आडव्या वर्तुळाचा व्यास ३६ इंच आणि एकूण वजन सुमारे अर्धा टन. या वर्तुळाच्या कडेवर कोनाची एक विकला म्हणजे २.२ मायक्रोमीटर, केसाच्या जाडीचा साधारण तिसावा भाग. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना हे धूड भिंतीवर आदळले आणि वर्तुळ वाकले. लॅम्ब्टनने तंबूत बसून सुमारे सहा आठवडे काम केले. सपाट फळीवर मूळ मापाचे वर्तुळ आखून त्याने पाचरी, स्क्रू आणि लाकडी हातोड्या यांच्या साहाय्याने धातू हळूहळू जागेवर आणला. पुढे याच यंत्राने मोजणी करीत त्याचा चमू विदर्भापर्यंत आला. २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे लॅम्ब्टनचे निधन झाले. त्याची कबर तेथेच आहे.

विकलेचा हिशेब ठेवणारे वर्तुळ हातोडीने ठोकून पूर्ववत होईल, यावर विश्वास बसणे कठीण आहे. ते पूर्ववत झाले नसणारच. बचाव दुसरीकडे होता. वर्तुळाचे केंद्र आणि फिरण्याचा अक्ष यांत फरक असेल, तर एका बाजूचे वाचन जितके वाढते तितकेच समोरचे घटते; सरासरीत चूक नाहीशी होते. वर्णपटमापीच्या ८० मिलिमीटर त्रिज्येच्या चकतीत केवळ ०.०३ मिलिमीटर विकेंद्रता असली, तरी एका खिडकीचे वाचन १.३ कलांपर्यंत चुकू शकते. विद्यार्थ्याचे दुसरे वाचन जमा-खर्च मिटवते ते याच चुकीचा. मात्र वर्तुळ लंबगोल झाले असेल, तर समोरासमोरच्या दोन्ही वाचनांत चूक सारखीच येते आणि सरासरीने हटत नाही. त्यासाठी अधिक ठिकाणी वाचन हवे. म्हणून मोठ्या थिओडोलाइटांना दोनपेक्षा अधिक सूक्ष्मदर्शक बसवत आणि वर्तुळाचा शून्य हलवून तोच कोन पुन्हा पुन्हा मोजत.

सरासरीलाही सीमा असतेच. शेवटी धातूला हात लावावा लागतो. जॉर्ज एव्हरेस्टने १८३० मध्ये विलायतेहून नवी उपकरणे आणली आणि सोबत हेन्री बॅरो हा उपकरणकारही. कलकत्त्याच्या कार्यशाळेत आर्काटचा सय्यद मीर मोहसिन हुसेनही काम करीत होता. बॅरो गेल्यावर एव्हरेस्टने त्याच जागेसाठी मोहसिन हुसेनची शिफारस केली, आणि १८४० च्या दशकात भूमापन खात्याचा उपकरणकार म्हणून त्याची नेमणूक झाली. कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत सुमारे २,४०० किलोमीटरच्या कमानीचा आकडा ज्या पितळी वर्तुळांवर उभा होता, त्यांची निगा आता याच्या हाती आली.

पंधराव्या क्रमांकाच्या शिखराची निरीक्षणे १८४९-५० मध्ये झाली, तेव्हाही खात्याचा उपकरणकार तोच होता. १८६५ मध्ये त्या शिखराला एव्हरेस्टचे नाव मिळाले. मोहसिन हुसेनच्या नावाचे मात्र इंग्रजी कागदपत्रांत एकच स्पेलिंग सापडत नाही.