गडद पट्टा आखडत नाही

दंड वाकवून बेटकुळी काढून दाखवणे हा मुलांचा आवडता खेळ. (रोमन लोकांना त्या जागी छोटा उंदीर दिसला, ‘मसल’ हा शब्द त्यांच्या लॅटिनमधल्या उंदरावरून आला.) पण बेटकुळी वर येते तेव्हा आत नेमके काय आखूड होते? या प्रश्नाचे अर्धे उत्तर एकोणिसाव्या शतकातच हाती आले होते, आणि नंतर ते हातून निसटले.

हाडांना जोडलेल्या स्नायूचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्यावर एकाआड एक गडद आणि फिकट पट्टे दिसतात. विल्यम बोमन यांनी १८४० मध्ये त्यांचे बारकाईने वर्णन केले. स्नायू आकुंचन पावताना गडद पट्ट्याची रुंदी बदलत नाही, फिकट पट्टाच अरुंद होतो, हे जर्मनीतील क्राउझे यांनी १८६९ मध्ये नोंदवले. पण हे पट्टे मायक्रोमीटरच्या मापाचे, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या फार वरचे नाहीत. भिंग किंचित वरखाली झाले तरी गडद ते फिकट दिसू लागते. निरीक्षणांचा मेळ बसेना, आणि विसाव्या शतकात ही माहिती मागे पडली.

त्यात भर पडली जीवरसायनशास्त्रातील यशाची. १९४२ मध्ये हंगेरीतील सेगेद येथे, झेंट-ड्यॉर्डी यांच्या प्रयोगशाळेत, श्ट्रॉब यांनी ॲक्टिन हे प्रथिन मायोसिनपासून वेगळे काढले. या दोन प्रथिनांचा धागा एटीपीच्या द्रावणात ठेवताच आखडतो! मग प्रथिनाची साखळीच घडी पडून आखूड होत असणार, असे मानणे सोपे होते. आम्हांला यात दोष त्या प्रयोगाचा वाटत नाही. जुने निरीक्षण समोर ठेवून त्याचा अर्थ लावला गेला नाही, एवढेच.

२२ मे १९५४ च्या ‘नेचर’मध्ये दोन निबंध लागोपाठ छापले गेले. एक अँड्र्यू हक्सले व नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सले व जीन हॅन्सन यांचा. (दोन्ही हक्सले एकमेकांचे नातलग नव्हेत.) पहिल्या जोडीने बेडकाचा जिवंत तंतू पाहिला, दुसरीने सशाच्या स्नायूतील सुटे तंतुक. गडद पट्टा दोघांनाही तेवढाच दिसला. मायोसिनचे जाड आणि ॲक्टिनचे बारीक धागे स्वतः आखूड होत नाहीत. ते एकमेकांत सरकतात.

याची खरी कसोटी १९६६ मध्ये लागली. जाड धागा सुमारे १.६ मायक्रोमीटर लांब, त्याच्या दोन्ही बाजूंनी आत शिरणारे बारीक धागे प्रत्येकी सुमारे १. गॉर्डन, अँड्र्यू हक्सले आणि ज्युलियन यांनी बेडकाचा तंतू ताणून ठेवून तो किती जोर लावतो ते मोजले. धागे एकमेकांवर जितके कमी आले तितका जोर कमी भरला. पट्ट्यांची एक जोडी सुमारे ३.६५ मायक्रोमीटरपर्यंत ताणली, तेव्हा धाग्यांची गाठ पडेना आणि जोर शून्य झाला. प्रथिने स्वतःच घडी पडून ओढत असती, तर असे का व्हावे? ओढण्याचे काम मायोसिनच्या धाग्यावरील बोंडे करतात. पोहरा शेंदताना आपण हातावर हात टाकत दोर ओढतो, तशी ती ॲक्टिनला धरतात, ओढतात, सोडतात. दर खेपेला एटीपी खर्ची पडते.

वर्गात शिथिल आणि आकुंचित स्नायूची आकृती काढताना गडद पट्टा दोन्हीकडे मोजपट्टीने सारखाच ठेवावा. तो कमी केलेला आम्ही अनेक वह्यांत पाहिला आहे.