ऑस्टिनमध्ये प्रशासक बसतो

तुम्ही ऑगस्ट १९८५ मध्ये उतरला आहात. गाव ऑस्टिन, पण टेक्सासमधलं मोठं शहर ते हे नव्हे. हे अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मिनेसोटा राज्यातलं, जेमतेम बावीस-तेवीस हजार वस्तीचं गाव. चारी बाजूंना मका आणि सोयाबीन, आणि गावाला पोसणारी कंपनी एकच, हॉर्मेल. डुकराचं मांस कापून, खारवून, डबाबंद करून विकणारी. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांबरोबर जगभर गेलेला ‘स्पॅम’चा डबा हिचाच. इथे आजोबा, वडील आणि मुलगा एकाच गेटमधून कामावर गेलेली घरं सापडतात.

युनियनच्या कार्यालयात, म्हणजे लेबर सेंटरमध्ये शिरा. उकाडा आहे, माणसं दाटीवाटीने उभी आहेत. संपावर जायचं की नाही याचं मतदान नुकतंच झालंय आणि ९३ टक्के मतं संपाच्या बाजूने पडली आहेत. शेजारचा माणूस हात पुढे करतो. तो हातात घ्या आणि नीट बघा. मनगटाच्या आतल्या बाजूला शस्त्रक्रियेचा व्रण आहे, मूठ पुरती वळत नाही, बोटं सकाळी बधिर असतात म्हणून तो कपाची दांडी दोन्ही हातांनी धरतो. दिवसभर एकाच कोनातून सुरी चालवली की मनगटातली नस दबते. सुरीची धार गेली की जोर जास्त लागतो, आणि समोरून मांस वाहून नेणारा पट्टा तर धार लावायला थांबत नाही. १९८२ साली गावात नवा कारखाना उभा राहिला, तेव्हापासून या पट्ट्याचा वेग आणि दुखापती दोन्ही वाढल्याचं इथला प्रत्येक जण सांगतो. त्या कारखान्यासाठी कामगारांनीच सवलती सोडल्या होत्या.

आणि ऑक्टोबर १९८४ मध्ये कंपनीने तासाचा दर १० डॉलर ६९ सेंटवरून ८ डॉलर २५ सेंटवर आणला. सरळ २३ टक्के कपात. कंपनी बुडत असती तर गोष्ट वेगळी. त्या वर्षी तिला जवळपास २ कोटी ९० लाख डॉलर नफा झाला होता. १७ ऑगस्टला साधारण दीड हजार माणसं बाहेर पडतात, ती या हिशेबामुळे.

इथवर गोष्ट तुमच्या ओळखीची आहे. मालक एका बाजूला, कामगार दुसऱ्या. पण मी तुम्हाला इथे आणलंय ते तिसऱ्या पक्षासाठी.

ऑस्टिनच्या या लोकलचं, म्हणजे स्थानिक युनियनचं, नाव पी-९. तिची मध्यवर्ती संघटना युनायटेड फूड अँड कमर्शियल वर्कर्स, दहा लाखांहून जास्त सभासदांची, मुख्यालय वॉशिंग्टनला. यातलं वडीलधारं कोण, हे आधी समजून घ्या. ऑस्टिनच्या कामगारांनी १९३३ साली कारखान्यात ठाण मांडून संप जिंकला आणि आपली संघटना स्वतः उभी केली. मध्यवर्ती मात्र १९७९ साली दोन मोठ्या संघटनांच्या विलीनीकरणातून जन्मली आणि तिच्यातले बहुसंख्य सभासद किराणा दुकानांत काम करणारे. लोकल आधीची, मध्यवर्ती नंतरची. तरी कागदावर पालक मध्यवर्तीच. कार्यालय, निधी, करार करायचा हक्क, संपाची मंजुरी या सगळ्यावर शेवटचा शब्द तिच्या घटनेचा.

मध्यवर्तीचं म्हणणं ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका. मांस विभागाचे प्रमुख लुई अँडरसन स्वतः या धंद्यातून आलेले. ते सांगतात की १९८३ मध्ये विल्सन फूड्सने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि एका फटक्यात १० डॉलर ६९ सेंटचा दर साडेसहावर आणला. देशभर दर कोसळतायत. अशा वेळी सगळ्या कारखान्यांना मिळून दहा डॉलरच्या आसपास एक रेघ ओढायची आणि ती धरून ठेवायची, हाच मार्ग. एका लोकलने स्वतंत्र लढाई केली आणि ती हरली, तर मालकांना सगळीकडे वाट मोकळी. हा युक्तिवाद पोकळ नाही. मी त्याला पूर्ण वजन देतो, कारण ते दिलं नाही तर पुढे जे झालं त्याचं गांभीर्य कळणार नाही.

लोकलचा अध्यक्ष जिम गायेट. त्याचं उत्तर साधं आहे: नफ्यातली कंपनी कपात करते आणि आपण ती मान्य करतो, तर तुमची रेघ रोज खाली सरकणार. त्याने न्यूयॉर्कहून रे रॉजर्स या मोहीमतज्ज्ञाला बोलावलं. रॉजर्सने कंपनीशी हितसंबंध असलेल्या बँकेसमोर निदर्शनं सुरू केली. मध्यवर्तीने या मोहिमेला उघड विरोध केला. बातम्यांमध्ये आता मालक गप्प आणि दोन युनियन नेते एकमेकांवर बोलताना दिसू लागले.

आता जानेवारी १९८६. अंगावर सगळं चढवा, कारण श्वास गोठतो अशी थंडी आहे. गेटबाहेर तेलाच्या रिकाम्या पिंपांत लाकडं पेटवली आहेत आणि माणसं आळीपाळीने हात शेकतात. लेबर सेंटरच्या स्वयंपाकघरात संपकऱ्यांच्या बायका मोठ्या पातेल्यांत सूप करतायत. देशभरच्या छोट्या युनियनांनी पाठवलेले धान्याचे ट्रक त्यांनीच उतरवून घेतले आहेत. १३ तारखेला कंपनीने गेट उघडलं आणि बदली कामगारांची भरती सुरू केली. आठवडाभरात संपकऱ्यांनी आपल्या मोटारी इतक्या संथ चालवल्या की गेटकडे जाणारा प्रत्येक रस्ता तुंबला. मग गव्हर्नर रुडी पर्पिच यांनी नॅशनल गार्ड हे राज्याचं राखीव सैन्यदल पाठवलं. हे गव्हर्नर कामगारांच्या मतांवर निवडून आलेल्या पक्षाचे. हातात दंडुके घेतलेली पोरं गेटपाशी उभी राहतात. रांगेतून आत जाणाऱ्या मोटारींत लोकलचे काही जुने सभासदही दिसतात, आणि पिंपाभोवतीचं बोलणं थांबतं. भाऊ आत आणि भाऊ बाहेर, अशी घरं या गावात आहेत.

त्याच महिन्यात काही संपकरी आयोवातल्या अटम्वाला गेले, कारण हॉर्मेलचा दुसरा कारखाना तिथे होता. त्यांनी गेटवर नुसतं रांगेत उभं राहायचं, आणि तिथल्या कामगारांनी ती रांग ओलांडून आत जायचं नाही, असं ठरलं. अटम्वाच्या कामगारांनी ती ओलांडली नाही. कंपनीने त्यांच्यातल्या साधारण पाचशे जणांना कामावरून काढलं. दुसऱ्या गावातल्या अनोळखी माणसांसाठी नोकरी घालवणाऱ्या त्या पाचशे लोकांचा उल्लेख कायद्याच्या पुस्तकांत क्वचितच येतो. म्हणून इथे थांबून तो करतोय.

मार्चच्या मध्यावर वॉशिंग्टनहून आदेश येतो: संपाची मंजुरी काढून घेतली आहे, संप बंद करा. मंजुरी गेली म्हणजे संपभत्ता गेला. काही दिवसांत सभासद सभा भरवतात आणि संप चालू ठेवायचं ठरवतात. याच क्षणी भांडणाचं रूप बदललं. आतापर्यंत प्रश्न मजुरीचा होता. आता तो मालकीचा झाला: संप कोणाचा? जे थंडीत उभे आहेत त्यांचा, की ज्यांच्या घटनेत मंजुरीचं कलम आहे त्यांचा?

साखर कारखान्याचं संचालक मंडळ बरखास्त होऊन प्रशासक बसतो, ते महाराष्ट्रात तुम्ही अनेकदा वाचलं असेल. सह्यांचे अधिकार जातात, कपाटाच्या किल्ल्या जातात, निवडून आलेली माणसं दाराबाहेर. मे १९८६ मध्ये पी-९ चं तेच झालं. मध्यवर्तीने आधी सुनावणी घेतली आणि मग लोकलवर प्रशासक नेमला, जोसेफ हॅन्सन. गायेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ताबा द्यायला नकार दिला. प्रकरण मिनेसोटाच्या संघीय जिल्हा न्यायालयात, न्यायाधीश एडवर्ड डेविट यांच्यासमोर गेलं. खटल्याचं नाव हॅन्सन विरुद्ध गायेट. वादी आणि प्रतिवादी दोघेही एकाच युनियनचे.

न्यायालयात मागच्या बाकावर बसा आणि कायदा नीट ऐका, कारण सगळी मेख त्यात आहे. १९५९ चा लँड्रम-ग्रिफिन कायदा. १९५७ पासून सिनेटच्या मॅक्लेलन समितीने युनियनमधल्या गुंडगिरीची चौकशी केली. त्यात उघड झालं की काही मध्यवर्ती पुढारी लोकलवर प्रशासक बसवायचे, निधी लुटायचे आणि वर्षानुवर्षं निवडणूकच होऊ द्यायचे नाहीत. त्याला लगाम घालायला हा कायदा झाला. प्रशासक बसवायचा तर कारण हवं: भ्रष्टाचार दूर करणं, लोकशाही पुन्हा आणणं, करार पाळला जाईल हे पाहणं, किंवा संघटनेची इतर वैध उद्दिष्टं साध्य करणं. शेवटचे शब्द पुन्हा ऐका. ‘इतर वैध उद्दिष्टं’ या दारातून काय काय आत येऊ शकतं याचा विचार करा.

पुढचं कलम त्याहून वजनदार. संघटनेच्या स्वतःच्या घटनेप्रमाणे प्रशासक नेमला असेल आणि निष्पक्ष सुनावणीनंतर त्याला मंजुरी मिळाली असेल, तर १८ महिने ती नेमणूक योग्यच धरायची. लोकलला ती उलटवायची असेल तर नेमणूक सद्भावनेने झाली नाही हे स्पष्ट आणि खात्रीलायक पुराव्याने सिद्ध करायचं. पुराव्याचा सगळा भार लोकलवर. शिवाय १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नळजोडणी कामगारांच्या एका खटल्यात म्हटलं होतं की युनियनची घटना हा मध्यवर्ती आणि लोकल यांच्यातला करारच आहे आणि तो मोडल्याची दाद संघीय न्यायालयात मागता येते. म्हणजे वॉशिंग्टनचा आदेश न पाळणं हा घरातला मतभेद उरला नाही, तो करारभंग झाला.

आता गायेटच्या वकिलाच्या जागी उभे राहून बघा. तुम्ही न्यायाधीशांना काय सांगाल? सभासदांनी मतदान केलं? कायद्याने तो प्रश्न विचारलेलाच नाही. एक पैसाही कोणी खाल्लेला नाही? खरं आहे, पण प्रशासक बसवायला भ्रष्टाचार हे एकच कारण लागत नाही. आणि मध्यवर्तीचा आदेश मोडला, हे तर कोणी नाकारतच नव्हतं. जूनच्या सुरुवातीला डेविट यांनी नेमणूक वैध ठरवली आणि लोकलचा ताबा प्रशासकाकडे गेला. निकाल कायद्याला धरून होता. माझं भांडण निकालाशी नाही, कायद्याने न्यायाधीशाच्या हातात दिलेल्या फूटपट्टीशी आहे. मध्यवर्तीने पायऱ्या बरोबर चढल्या का, एवढंच तिने मोजता येतं. सभासदांना काय हवं होतं हे मोजायची खूण तिच्यावर कोरलेलीच नाही. लुटारू पुढाऱ्यांपासून लोकल वाचवायला केलेला कायदा, खुल्या मतदानाने चालणाऱ्या लोकलच्या विरोधात वापरला गेला. ही मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी हानी वाटते, मजुरीच्या दरापेक्षाही मोठी.

ऑक्टोबर १९८६ मध्ये एकदा लेबर सेंटरच्या बाहेरच्या भिंतीपाशी या. संपकऱ्यांनी इथे स्वतः एक प्रचंड चित्र रंगवलं होतं आणि ते तेव्हा तुरुंगात असलेल्या नेल्सन मंडेलांना अर्पण केलं होतं. ज्यांनी आयुष्यात सुरीशिवाय काही हातात धरलं नव्हतं त्यांनी ब्रश धरला होता. आता प्रशासकाच्या कारभारात त्या भिंतीवर दाबाने वाळूचा मारा होतोय. रंग भुकटी होऊन खाली पडतो, आणि खाली विटा तेवढ्या उरतात. हे कंपनीने केलेलं नाही. युनियनच्या कार्यालयावर युनियननेच केलेलं आहे.

करार सप्टेंबरमध्येच मंजूर झाला होता, प्रशासकाच्या देखरेखीखाली. दर दहा डॉलरच्या वर गेला, म्हणजे मध्यवर्तीची रेघ बऱ्याच अंशी टिकली. हे मान्य करायलाच हवं. पण बदली कामगार जागेवर राहिले आणि संपात टिकलेल्यांना आपोआप कामावर घेतलं नाही. शेकडो जणांची नावं प्रतीक्षा यादीत गेली. जागा रिकामी होईल तेव्हा बोलावू, एवढंच आश्वासन. पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने डेविट यांचा निकाल कायम केला. बार्बरा कॉपल यांनी या संपावर ‘अमेरिकन ड्रीम’ हा माहितीपट केला, त्याला १९९१ मध्ये ऑस्कर मिळालं. तो मिळाला तर जरूर पाहा. दोन्ही बाजूंचे चेहरे त्यात दिसतात.

आता एक उडी आणखी, जानेवारी २००९, कॅलिफोर्निया. आरोग्य कर्मचाऱ्यांची दीड लाख सभासदांची लोकल, तिची मध्यवर्ती सर्व्हिस एम्प्लॉईज इंटरनॅशनल युनियन. सभासदांचा एक गट दुसऱ्या लोकलमध्ये हलवायच्या मध्यवर्तीच्या निर्णयाला लोकलने विरोध केला आणि प्रशासक बसला. निवडून आलेल्या नेत्यांनी बाहेर पडून नवी युनियन काढली. त्यांच्यावर खटला झाला आणि २०१० मध्ये ज्यूरीने त्यांच्याविरुद्ध सुमारे १५ लाख डॉलरची भरपाई ठरवली. तेवीस वर्षांनी कायदा तोच, आणि त्यातलं १८ महिन्यांचं कलमही तेच.

तुम्ही बँकेत, एसटीत, विमा कंपनीत, शाळेत, कुठेही एखाद्या संघटनेची वर्गणी भरत असाल, तर या आठवड्यात तिची छापील घटना मागून घ्या. भारताचा कायदा वेगळा आहे, पण संघटनेची घटना इथेही असते आणि ती बहुतेकांनी उघडलेली नसते. संपाचा शेवटचा निर्णय कोणाचा, शाखेचा निधी कोणाच्या नावावर, शाखा समिती बरखास्त करायचा अधिकार कोणाला, आणि त्यावेळची सुनावणी घेणारा माणूस कोण निवडतो, एवढी चार कलमं शोधा. जी पटणार नाहीत ती बदलायचा ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडा, भांडण नसताना, शांतपणे. भांडण सुरू झाल्यावर तो मांडायला वेळ मिळत नाही.