संजीवनी कोणाच्या नावावर? : ऑनलाईन खेळांतील साहाय्यक पात्राचा इतिहास

युद्धकथांमध्ये घाव घालणाऱ्याची नोंद होते. घाव भरून काढणाऱ्याची होतेच असे नाही. महाभारताच्या आदिपर्वातील कच-देवयानीची कथा या बाबतीत अपवाद मानावी लागेल. देव आणि असुर यांच्या संग्रामाचा निकाल तेथे कोणा धनुर्धराच्या पराक्रमावर ठरत नाही. शुक्राचार्यांपाशी संजीवनी विद्या आहे, बृहस्पतींपाशी ती नाही, आणि एवढ्याच कारणाने कचाला विद्यार्थी होऊन शत्रूच्या गुरुगृही जावे लागते. खाडिलकरांचे 'विद्याहरण' (१९१३) वर्गात शिकविताना आपण मद्यपानाच्या दुष्परिणामांवर आणि देवयानीच्या प्रेमभंगावर थांबतो. कथेच्या मुळाशी असलेला साधा हिशेब मात्र दुर्लक्षित राहतो : पडलेल्यांना पुन्हा उभे करणारा ज्या पक्षात आहे, त्या पक्षाला हरविणे दुरापास्त असते.

संगणकावर अनेकांनी एकत्र खेळावयाच्या भूमिकाप्रधान खेळांनी हाच हिशेब आपल्या रीतीने पुन्हा मांडला. या खेळांत प्रत्येक खेळाडू एक पात्र निवडतो, आंतरजालाद्वारे इतरांना भेटतो आणि त्यांच्यासह मोहिमेवर निघतो. पात्रांचे ढोबळमानाने तीन प्रकार. शत्रूचे घाव अंगावर घेणारा 'टँक', शत्रूला मारणारे योद्धे आणि मांत्रिक, आणि तिसरा साहाय्यक वर्ग, म्हणजेच 'सपोर्ट क्लास'. जखमा भरणे, सहकाऱ्यांचे बळ वाढविणे, शत्रूला जखडून ठेवणे ही त्याची कामे. प्रस्तुत लेखात या तिसऱ्या वर्गाचा इतिहास आम्ही मांडत आहोत. साहित्याच्या अभ्यासकांनी इकडे का वळावे, असे कोणी विचारील. ज्याचे कर्तृत्व नेहमी दुसऱ्याच्या हातून प्रकट होते त्याचे मूल्यमापन कसे करावे, हा प्रश्न आपल्याही विषयातील आहे, आणि या खेळांनी तो आकड्यांत सोडविण्याचा प्रयत्न करून पाहिला आहे.

या वर्गाचा उगम संगणकाच्याही अलीकडे, कागद, पेन्सिल आणि फासे यांवर खेळल्या जाणाऱ्या खेळात आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात योद्धा, मांत्रिक आणि 'क्लेरिक' असे तीन वर्ग होते. क्लेरिक म्हणजे शस्त्र धरणारा धर्मोपदेशक. आर्नेसन यांच्या मिनेसोटातील खेळमंडळात एका खेळाडूचे रक्तपिपासू पात्र अनावर झाले, त्याला आवर घालण्यासाठी व्हॅन हेल्सिंगच्या धर्तीवर हा वर्ग निर्माण झाला, अशी त्याची जन्मकथा सांगतात. मूळ नियमांत पहिल्या पातळीवरील क्लेरिकला एकही मंत्र येत नसे. जखमा भरण्याची शक्ती त्याला दुसऱ्या पातळीवर मिळे. म्हणजे साहाय्यक हा जन्माने सेवक नव्हता. तो एक प्रतिस्पर्धी होता. परंतु खेळ जसजसा रुळला तसतशी त्याची जखमा भरण्याची शक्तीच इतरांना अधिक हवीशी वाटू लागली, आणि वर्गाची ओळख त्या एका कामापुरती आकसत गेली.

पुढची पायरी शब्दांनी बनलेल्या खेळांची. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात 'मड' हा खेळ सुरू केला. कोपनहेगन विद्यापीठातील संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी १९९०-९१ च्या सुमारास 'डिकूमड' रचला आणि त्यात योद्धा, चोर, मांत्रिक आणि क्लेरिक अशी चौकट पक्की केली. या चौकटीचा थेट वारस म्हणजे मार्च १९९९ मध्ये आलेला 'एव्हरक्वेस्ट'. साहाय्यकाची कला खऱ्या अर्थाने घडली ती येथे.

'एव्हरक्वेस्ट'मध्ये एकट्याने फार दूर जाता येत नसे. मृत्यू आला की मिळविलेला अनुभव घटे आणि अंगावरची सामग्री प्रेतापाशी राही. क्लेरिक मृताला उठवी तेव्हा गमावलेल्या अनुभवाचा मोठा भाग परत मिळे. त्यामुळे त्याला मान होता. पण त्याचा वेळ कसा जाई? मंत्रशक्तीचा साठा, ज्याला खेळाडू 'मॅना' म्हणतात, भरून काढण्यासाठी त्याला खाली बसावे लागे, आणि आरंभीच्या काळात अशा वेळी उघडलेली मंत्रपोथी पडदा झाकून टाकी. भोवती युद्ध चालू असता हा खेळाडू पोथीची पाने पाहत बसलेला असे.

मोठ्या राक्षसांशी लढताना क्लेरिकांनी जी पद्धत शोधली ती संगीताच्या विद्यार्थ्यांना सहज कळेल. जवळजवळ संपूर्ण प्रकृती परत देणारा 'कम्प्लीट हील' हा मंत्र पुरा होण्यास दहा सेकंद लागत. राक्षसाचा तडाखा तर काही सेकंदांत टँकचा जीव घेई. म्हणून अनेक क्लेरिक क्रम लावून घेत आणि ठराविक अंतराने एकामागून एक मंत्र सुरू करीत, जेणेकरून दर थोड्या सेकंदांनी कोणाचा ना कोणाचा मंत्र पूर्ण व्हावा. प्रत्येकाने आपली पाळी पुकारावयाची आणि पुढच्याने ती ऐकून आपला आरंभ करावयाचा. येथे चापल्याला किंमत नव्हती, लय सांभाळण्याला होती. एकाची मात्रा चुकली की चाळीस-पन्नास जणांची रात्र वाया जाई. आवर्तन निर्विघ्न चालले तर मात्र ते चालले होते हेही कोणाच्या ध्यानात राहत नसे.

याहूनही अदृश्य कला 'एन्चॅन्टर'ची होती. हा मोहिनी घालणारा. एका शत्रूला ओढून आणताना चार धावून आले, तर त्यांतल्या तिघांना मोहनिद्रेत ठेवावयाचे, मोहिनी उतरण्यापूर्वी ती पुन्हा घालावयाची, आणि कोणा उतावळ्या सहकाऱ्याने झोपलेल्यावर वार करून त्याला जागे केले तर तेही निस्तरावयाचे. क्लेरिक झालेली हानी भरून काढतो. एन्चॅन्टर हानी होऊच देत नाही. घडलेल्या गोष्टीची मोजदाद करता येते. टळलेल्या गोष्टीची कशी करणार? या वर्गाच्या पुढच्या साऱ्या इतिहासात हा पेच पुन्हा पुन्हा येतो.

नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने हा प्रकार घरोघरी नेला. चाळीस जणांच्या मोहिमांत उपचारकाची कारागिरी काटकसरीची होती. मंत्र न उच्चारता पाच सेकंद गेले की साठा वेगाने भरू लागे. म्हणून केव्हा गप्प राहावे हे जाणणारा उपचारक अधिक टिके. लहान जखमेला मोठा मंत्र वापरणे ही उधळपट्टी. तेव्हा जाणते खेळाडू त्याच मंत्राची खालची, स्वस्त श्रेणी मुद्दाम वापरीत. २०१० मध्ये मंत्रांच्या श्रेणीच रद्द झाल्या आणि ही काटकसर इतिहासजमा झाली.

याच काळात मोजमाप आले. कोणी किती हानी केली, कोणी किती जखमा भरल्या, हे पडद्यावर पट्ट्यांच्या रूपाने दाखविणारी साधने खेळाडूंनीच तयार केली. मारणाऱ्याच्या बाबतीत हा आकडा बराचसा खरा बोलतो. उपचारकाच्या बाबतीत तो दिशाभूल करतो. दुसऱ्याचा मंत्र पूर्ण होण्याच्या क्षणभर आधी आपला घुसवून आकडा वाढविता येतो, आणि त्यात गटाचा काहीच लाभ नसतो. उलट, ढाल देऊन घाव आधीच शोषून घेणारा पुरोहित कित्येक वर्षे या पट्ट्यांत तळाशी दिसे. कारण शोषलेल्या घावाचे श्रेय कोणाचे, हे खेळाच्या नोंदीत स्पष्ट लिहिलेच जात नव्हते. एन्चॅन्टरचा पेच येथे वेगळ्या वेषात परतला होता.

सप्टेंबर २००५ मध्ये या खेळात एक विलक्षण प्रसंग घडला. 'झुल'गुरुब' येथील हक्कार या राक्षसाचा संसर्गजन्य शाप मोहिमेच्या जागेपुरता राहावयाचा होता. तो खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांमार्फत शहरांत पोहोचला आणि साथ पसरली. एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन या संशोधकांनी २००७ मध्ये 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस' या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. त्यात उपचारकांविषयीचे एक निरीक्षण आहे. अनेक जण आपण होऊन अनोळखी आजाऱ्यांच्या मदतीस धावले. परंतु त्यांच्या उपचारांनी आजारी अधिक काळ जगले व साथ पसरवीत राहिले, आणि उपचारक स्वतःही संसर्गाचे वाहक झाले असावेत. सद्‌भाव आणि कौशल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून जेवढे कळते तेवढे उपदेशाने कळणार नाही. २०२० नंतरच्या वाचकाला हे वाचताना खेळाचा विसर पडावा.

साहाय्यक कोण होतो, याविषयी एक समजूत प्रारंभापासून रूढ आहे : हे स्त्रियांचे काम. निक यी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या खेळाडूंचा अभ्यास करून २०११ मध्ये निष्कर्ष मांडले, ते मननीय आहेत. खेळणारी व्यक्ती स्त्री की पुरुष यावर उपचार करण्याचे प्रमाण ठरत नाही. मात्र पुरुष जेव्हा स्त्रीपात्र घेऊन खेळतात तेव्हा ते अधिक उपचार करतात, आणि स्त्रिया पुरुषपात्र घेतात तेव्हा कमी. समजूत मुळात खोटी असते. पात्राचा वेष चढला की खेळाडू आपल्या वागण्याने ती खरी करून दाखवितात. बालगंधर्वांच्या रंगभूमीचा इतिहास शिकविणाऱ्यांना वेषाचे हे सामर्थ्य नवे वाटू नये.

आदर नाही, श्रेय नाही, आणि अपयश आले की पहिला दोष मात्र आपल्यावर. अशा कामाला माणसे कमी पडणार हे उघड होते. डिसेंबर २००९ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने अनोळखी खेळाडूंचे गट आपोआप जुळविण्याची सोय केली, आणि टंचाई सर्वांना दिसू लागली. मारणारे रांगेत ताटकळत, उपचारक आणि टँक लवकर आत जात. २०११ मध्ये ज्या भूमिकेची टंचाई असेल तिला अधिक बक्षीस देण्याची योजना आली. मान देता येईना, तेव्हा मजुरी वाढविली गेली.

'गिल्ड वॉर्स २'ने ऑगस्ट २०१२ मध्ये अधिक मूलगामी उपाय केला. उपचारक हा वर्गच काढून टाकला. प्रत्येकाने आपली जखम आपण भरावी, पडलेल्याला कोणीही उठवावे. विचार उदार होता. प्रत्यक्षात मात्र बहुतेकांनी जास्तीत जास्त हानी करणारी सामग्री चढविली आणि सगळेच मारेकरी झाले. ऑक्टोबर २०१५ च्या विस्तारात त्याच खेळाला 'ड्रुइड' हे उपचारकाचे रूप आणावे लागले, आणि नोव्हेंबरमध्ये सुरू झालेल्या मोठ्या मोहिमांत ते अपरिहार्य ठरले. प्रत्येकाने स्वतःपुरते पाहिले की समतेऐवजी एकसुरीपणा येतो, असे यावरून आम्हांस वाटते.

जुलै २०२३ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने प्रथमच केवळ सहकाऱ्यांचे बळ वाढविण्यासाठी घडविलेले पात्र आणले, 'ऑगमेन्टेशन इव्होकर'. आणि जुना पेच तत्काळ उभा राहिला. याने वाढविलेले बळ दुसऱ्याच्या नावावर जमा होई. शेवटी नोंदीची पद्धत बदलून, प्रत्येक घावातला याचा वाटा वेगळा काढण्याची व्यवस्था करावी लागली. २०२४ मध्ये 'फायनल फँटसी १४'च्या काही उपचारकांनी 'संप' पुकारला तो नेमक्या उलट तक्रारीतून : इतर पात्रे आता स्वतःला इतके सावरू शकतात की आमची गरज उरलेली नाही. गरज असूनही श्रेय न मिळणे हे एक दुःख. गरजच न उरणे हे त्याहून मोठे.

मग साहाय्यकाची भूमिका उत्तम रीतीने वठविणे म्हणजे काय? या इतिहासातून आम्हांस तीन गोष्टी दिसतात. पहिली, लय : कोणाची पाळी आहे आणि आपण केव्हा थांबावे याचे भान. दुसरी, पूर्वदृष्टी : घाव पडण्याआधी तो कोठे पडेल हे ओळखणे. तिसरी, सहकाऱ्याविषयीची निष्ठा. कारण कर्णाचा सारथी शल्य रथ हाकण्यात कमी नव्हता, पण ज्याला पुढे न्यावयाचे त्याचाच तो तेजोभंग करीत राहिला. या तिन्हींपैकी एकही गोष्ट पडद्यावरच्या पट्टीत दिसत नाही. त्या पाहावयाच्या तर शेजारी उभे राहून लढावे लागते.

साहित्याच्या इतिहासात आपण नेमक्या अशाच पट्ट्या वापरतो : ग्रंथांची संख्या, आवृत्त्या, पुरस्कार. संपादक, अनुवादक, हस्तलिखित सुवाच्य करून देणारे, पहिला खर्डा वाचून दोन प्रकरणे गाळावयास सांगणारे, यांचे काम दुसऱ्याच्या नावावर जमा होते आणि अभ्यासक्रमात येत नाही. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस लेखनिक म्हणून सच्चिदानंदबाबांचे नाव येते. ते तेथे आहे म्हणून सातशेहून अधिक वर्षांनंतर आपण ते घेऊ शकतो. नोंद करावयाची असे कोणीतरी ठरविले, एवढाच फरक. आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत ऋणनिर्देशाचे पान असते, आणि ते बहुधा न वाचताच उलटले जाते. वाङ्मयेतिहासाच्या कामाला तेथून प्रारंभ करता येईल, असे आम्ही सुचवू इच्छितो.